नावाचा पुकारा

३ मार्च, सोमवार

आजपासून परत कामावर. सकाळची पाळी. दोन नंबरचं धुलाई यंत्र बंद पडलं होतं, पट्टा बदलून दुपारपर्यंत चालू केलं. ऑपरेशन विभागाच्या चादरी वेळेवर वर गेल्या. मुकादम म्हणाला, आणखी आठवडाभर घरी राहिला असतास तरी चाललं असतं. मी म्हटलं, घरी काय करू? घरी आलो, जेवलो, भांडी घासली.

बायकोला जाऊन दोन आठवडे झाले. रोज संध्याकाळी मी तिला दिवसाचं सांगायचो. इस्पितळाच्या लाँड्रीत सांगण्यासारखं फार काही घडत नाही आणि ती बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी करत ऐकायची. पण सांगितल्याशिवाय दिवस संपायचा नाही. साबणाची कंपनी दरवर्षी आम्हाला एक डायरी देते. ती डायरी तिच्या मंडळाच्या कामाला जायची. यंदाची कोरी पडली होती, म्हणून लिहितो आहे. यापेक्षा जास्त कारण नाही.

७ मार्च, शुक्रवार

किल्ली विसरलो म्हणून लाँड्रीतून घरी फोन केला. पलीकडून "हॅलो, बोला" आलं आणि मला पुढे बोलताच येईना. धाकटी दोनतीनदा हॅलो म्हणाली. मग हळूच म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच ना? मी आहे. ताई नाही."

धाकटी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. आमच्याकडेच राहते. केस कापायच्या दुकानात कामाला आहे. दोघींचा आवाज एकच. तोंडवळाही तसाच, फक्त धाकटी जरा हडकुळी. आईसुद्धा फोनवर फसायची, असं बायको सांगायची.

खरा फरक एकच होता. स्वतःचं दुकान काढायला परवाना लागतो म्हणून धाकटीने इथलं नागरिकत्व घेतलं. आपल्याकडे दोन्ही ठेवता येत नाहीत. तिचा तिकडचा पासपोर्ट गेला, आणि दुकानही झालं नाही. बायको तिला पुढे कितीतरी दिवस "परदेशी पाहुणी" म्हणायची. "परदेशी पाहुणी, चहा घेणार का?" धाकटी हसायची, पण तिला ते लागायचं. बायकोला ते कळायचं नाही. मला कळायचं, पण मी मध्ये पडलो नाही.

९ मार्च, रविवार

दुपारी ड्रायव्हरकाका आले. इथल्या शहर बसवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. आमच्या मंडळाचे सचिव. मंडळ म्हणजे बायको, ते आणि बाकी चहाला येणारे, असं ते स्वतःच म्हणायचे.

मंडळाची मागणी एकच होती. परदेशात राहणाऱ्या नागरिकांना तिकडच्या निवडणुकीत मत देता आलं पाहिजे. त्यासाठी बायकोने रविवारमागून रविवार घातले. सह्या गोळा केल्या, थंडीत वकिलातीच्या दारात उभी राहिली. मला त्यात फारसा रस नव्हता. मी तिला न्यायचो, आणायचो. एकदा विचारलं होतं, एवढं कशासाठी? ती म्हणाली, "इथे आपल्याला कुणी विचारत नाही, तिथे आपण असून नसल्यासारखे. निदान एका ठिकाणी तरी हजेरी लागली पाहिजे की नाही?"

गेल्या वर्षी कायदा झाला. पण एका निवडणुकीपुरता. नीट पार पडलं तर कायम करू, असं सरकारने म्हटलं. सहा एप्रिलला वकिलातीत मतदान आहे. तिची गाठ सात आठवड्यांनी चुकली.

काका म्हणाले, "टेबलाशी मंडळाचे दोन प्रतिनिधी बसणार. एक मी, दुसरी ती होती. आता तू बस."

"मला त्यातलं काही कळत नाही."

"कळायचं काय आहे? नाव पुकारतात, माणूस 'हजर' म्हणतो, आपण यादीत खूण करायची. शाळेत कधी गेला होतास की नाही?"

मी हो म्हटलं. जाताना दारात थांबून म्हणाले, "आणि हो, वकिलातीत मृत्यूची नोंद करून टाक. यादीतून नाव काढायला लावायचं. तेवढं राहायला नको. आपल्यावर टपून बसलेत लोक."

१२ मार्च, बुधवार

पाळी संपल्यावर वकिलातीत गेलो. मृत्यूचा दाखला आणि तिचं ओळखपत्र बरोबर नेलं होतं. रांगेत माझ्या पुढे एक म्हातारा होता. त्याचंही तेच काम. कारकूनबाईने त्याच्या बायकोचं ओळखपत्र घेतलं, शिक्का मारला आणि मोठ्या कात्रीने त्याचा कोपरा कापला. कापलेलं ओळखपत्र परत दिलं, कोपरा टोपलीत टाकला. बाई चांगली होती, हळू बोलत होती. पण तिला तो कोपरा कापायला काहीच वेळ लागला नाही. म्हाताऱ्याने टोपलीकडे बघितलं.

शेजारच्या भिंतीवर मतदार यादी लावली होती. मी शोधली. तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. छान ठळक छापलं आहे. बऱ्याच जणांच्या नावात चुका आहेत, तिचं बरोबर आहे.

माझा नंबर आला तेव्हा मी रांगेतून बाहेर पडलो. कारकूनबाई म्हणाली, "काका, तुमचं काय होतं?" मी म्हटलं, पुन्हा येईन.

घरी येऊन ओळखपत्र तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, जिथून घेतलं होतं तिथेच ठेवलं.

१६ मार्च, रविवार

तिकडून दादाचा फोन. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाला, "ऐकलं, तुमचं मतदान आहे म्हणे."

"हो."

"बरंय बाबा. रस्त्यातल्या खड्ड्यात आम्ही पडायचं, दवाखान्यात औषध नाही म्हणून आम्ही हिंडायचं, आणि सरकार निवडणार तुम्ही. उंटावरून शेळ्या हाकायच्या."

ती असती तर तिने फोन माझ्या हातातून घेतला असता. दोघांचं जुंपायचं, आणि शेवटी दादाच म्हणायचा, "वहिनी म्हणून सोडून देतो." वहिनी नव्हे ती, धाकट्या भावाची बायको. पण तो तिला चिडवायला वहिनी म्हणायचा. आज मी नुसतं हं हं करत राहिलो. त्यालाही ते जाणवलं असावं. म्हणाला, "चुकलं माझं. ती काहीतरी बोलेल असं वाटलं क्षणभर."

दादाचं अगदीच खोटं आहे असं मला वाटत नाही. ती मात्र म्हणायची, आपण निघून आलो ते खड्ड्यांमुळेच, मग खड्ड्यांबद्दल आपल्यालाच बोलायची बंदी का?

२३ मार्च, रविवार

चादरी धुतल्या. लाँड्रीत यंत्र घड्या घालतं, घरी दोन माणसं लागतात. चार कोपरे, दोन तिचे, दोन माझे. ती नेहमी जोरात ओढायची, मला एक पाऊल पुढे यावं लागायचं. आज धाकटीने धरलं. ती ओढत नाही, हळू धरते. घडी वाकडी झाली. तशीच ठेवली.

धाकटीने विचारलं, "ताईची पर्स मी वापरू का? नुसती खुंटीला लटकलेली बघवत नाही." मी हो म्हटलं. चीजवस्तू वापरात राहिलेली बरी.

ओळखपत्राचं काम अजून केलेलं नाही. खरं कारण इथे लिहितो, दुसरीकडे कुठे सांगण्यासारखं नाही. आपल्याकडे मतदानाला यादी क्रमाने पुकारतात. पूर्ण नाव, मोठ्याने, दोनदा. इथल्या वकिलातीतही तसंच करणार आहेत. तिचं नाव त्या खोलीत एकदा मोठ्याने घेतलं जावं, आणि मी ते ऐकावं, एवढंच मला हवं आहे. कुणी उत्तर देणार नाही हे मला ठाऊक आहे. दोनदा पुकारतील, थांबतील, पुढच्या नावाकडे जातील. यात कुणाचं काय बिघडतं? नोंद सात तारखेला करीन.

५ एप्रिल, शनिवार

काका उद्याचं समजावून गेले. वेळेवर ये, पेन दोन आण, टेबलाशी गप्पा मारायच्या नाहीत. जाताना म्हणाले, "ते नावाचं काम केलंस ना?"

मी मान हलवली. हो अशी दिसली असेल.

"तरी छापील यादीत नाव राहिलंच असेल. राहू दे. पुकारलं तर पुकारलं, आपण गैरहजर लिहू."

मलाही तेच हवं होतं. तरी मान हलवली ते बरं वाटलं नाही.

६ एप्रिल, रविवार

मतदान झालं. आता घरी आहे. सगळं नीट लिहून ठेवतो.

वकिलातीच्या वरच्या मजल्यावरची लांब खोली. एका टोकाला टेबल, त्याच्यामागे कारकूनबाई आणि एक अधिकारी, बाजूला आम्ही प्रतिनिधी. पलीकडे खुर्च्या. मला वाटलं होतं थोडेच लोक येतील, पण जिन्यापर्यंत उभे होते. लांबच्या गावांहून आलेले. एका बाईने तान्हं मूल आणलं होतं, ते प्रत्येक नावाला हुंकार द्यायचं. काका म्हणाले, "या मतदाराची नोंद करा." लोक हसले.

पुकारा चालू झाला. नाव, मग "हजर", मग माणूस पुढे येऊन ओळखपत्र दाखवतो, वहीत सही करतो, बोटाला शाई, आडोशामागे जाऊन येतो, पेटी. पहिल्या माणसाने "हजर" म्हणताना शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. तो एवढा मोठा गवंडी माणूस. ती हे बघायला हवी होती.

तिचं नाव यादीत बरंच पुढे होतं. आमच्या हिशेबाने दुपारच्या चहाच्या सुमारास येणार होतं. जेवणाच्या वेळेला धाकटी डबा घेऊन आली. मी येऊ नको म्हटलं होतं, तिचं इथे काही काम नव्हतं. पण आली. म्हणाली, "भाऊजी, आत्ताच जेवून घ्या, नंतर उठता येणार नाही. मी बसते जरा खुर्चीवर, बघते." खाली तळघरात शिपायांच्या खोलीत बसून जेवलो. उकडलेली अंडी आणि पाव. शिपाई बोलका होता, त्याने चहा दिला, मुलीच्या परीक्षेचं सांगत बसला. मला मध्येच उठणं जमलं नाही.

वर आलो तेव्हा यादी माझ्या अंदाजापेक्षा खूप पुढे गेली होती. दोन पानं जवळजवळ पूर्ण गैरहजर, लोक घरं बदलून गेलेले. तिचं नाव होऊन गेलं होतं.

मी बसलो. यादी पुढे ओढली. तिच्या नावासमोर हजेरीची खूण होती.

काकांकडे बघितलं. ते मान खाली घालून बसले होते. मी काही विचारलं नाही, टेबलाशी बोलायचं नाही असं त्यांनीच सांगितलं होतं. मला वाटलं, सवयीने झाली असेल. किंवा मुद्दामही केली असेल तिच्यासाठी. चूक आहे, पण मी ती खोडली नाही. खोडावी असं वाटलंच नाही, हे खरं. धाकटी निघून गेली होती.

संध्याकाळी पेटी उघडून मतपत्रिका मोजल्या. आमच्या खुणा आणि मतपत्रिका बरोबर जुळल्या. टाळ्या झाल्या. एक खूण जास्तीची असताना जुळल्या कशा, हे मला कळलं नाही. दुसऱ्या कुणाच्या नावासमोर खूण राहून गेली असेल.

घरी आलो तर धाकटी मोरीशी हात घासत होती. डाव्या हाताचं बोट काळं झालेलं. दुकानात कुणाचे केस रंगवले असतील, तो रंग दोनदोन दिवस जात नाही. म्हटलं, रविवारीही गिऱ्हाईक? ती म्हणाली, "हो, एक आलं होतं." जेवली नाही.

तिचं नाव ऐकायचं राहिलं. एवढंच.

१३ एप्रिल, रविवार

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. सात तारखेला नोंद करणार होतो, पाळी बदलली, मग राहिलं. आता काय, वरातीमागून घोडं.

धाकटीचं बोट अजून काळं आहे. ती भांडी घासतानाही हातमोजे घालते. विचारलं तर म्हणाली, साबणाने आग होते.

मंडळात आनंद आहे. आमच्या वकिलातीची पेटी सगळ्यात जास्त भरलेली निघाली म्हणे. काका मात्र आज चहाला आले नाहीत.

२५ एप्रिल, शुक्रवार

लाँड्रीत वकिलातीचा फोन आला. कारकूनबाईच होती. म्हणाली, "काका, तुमच्या मिसेस कधी वारल्या?"

मी तारीख सांगितली.

तिने कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, इथली नगरपालिका परदेशी माणसाच्या मृत्यूची खबर आपणहून वकिलातीला देते. तीन महिन्यांची एकदम येते. काल आली. मला हे माहीत नव्हतं.

"त्यांच्या नावावर मतदान झालंय, काका. सही आहे. मी स्वतः शाई लावलीय. मी कुणाला लावली?"

मी म्हटलं, चूक असेल. खूण चुकून झाली असेल.

"खूण नाही, मत आहे."

तेव्हा मला आकड्यांचं आठवलं. ते का जुळले ते कळलं. यंत्रांचा आवाज एवढा होता की तिने पुढे काय सांगितलं ते नीट ऐकू आलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

मंडळाची बैठक. एवढे लोक कधीच आले नव्हते.

नियम असा आहे की एक मत खोटं ठरलं तर ते पेटीतून शोधून काढता येत नाही, म्हणून सगळी पेटीच बाद. आमची पेटी बाद झाली. गवंड्याचं मत गेलं, तान्ह्या मुलाच्या आईचं गेलं, सगळ्यांचं गेलं. तिकडच्या बातम्यांत परवापासून एकच चाललं आहे, मेलेली बाई मत देऊन गेली. विरोधक पहिल्यापासून म्हणत होते, परदेशातली यादी भुताखेतांची असते. आता त्यांना दुसरं काही बोलायची गरज नाही.

गवंडी काकांना म्हणाला, "टेबलाशी तुम्ही होतात. त्या बाईला एवढी वर्षं ओळखता. दुसरी कुणी तिच्या नावाने उठली तर तुम्हाला कळलं नाही?"

काका म्हणाले, "नाही कळलं."

"की कळून खूण केलीत?"

"मी सचिवपद सोडतो."

"सोडा नाहीतर धरा. शंभर किलोमीटर गाडी हाकत आलो होतो मी. घरी बापाला फोन करून सांगितलं होतं, मत टाकलं म्हणून. आता त्याला काय सांगू? सुक्याबरोबर ओलंही जळलं?"

मी उभा राहिलो. म्हटलं, मृत्यूची नोंद मी केली नव्हती. नाव यादीत राहिलं ते माझ्यामुळे. काकांना मी खोटं सांगितलं.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण मी तिचा नवरा, आणि तिला जाऊन दोनच महिने झाले होते. त्यांनी नुसत्या खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या.

काका थांब्यापर्यंत माझ्याबरोबर चालले. म्हणाले, "मी वर बघितलं नाही रे. नाव पुकारलं आणि 'हजर' ऐकू आलं. तिच्याच आवाजात. एवढी वर्षं दर रविवारी मी तो आवाज ऐकलाय, हजेरी मीच घ्यायचो. हात आपोआप चालला. मग कळलं, असं कसं होईल? पण वर नाही बघितलं."

"का नाही?"

"वर बघितलं असतं तर ती तिथे नसती."

बस आली. ते चढले नाहीत. म्हणाले, मी चालत जातो.

तिच्याच आवाजात, असं ते म्हणाले. घरी येईपर्यंत तेवढंच डोक्यात होतं. घरी धाकटी कपडे घडी करत होती. मी लवकर झोपलो.

२९ एप्रिल, मंगळवार

आज धाकटी बोलली. मी चहा करत होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आत आली नाही.

"भाऊजी, मी ठरवून नाही केलं."

मी गॅस बारीक केला.

"तुम्ही खाली गेलात. मी बसले होते मागे. मग बाईंनी ताईचं नाव घेतलं. पहिल्यांदा पुकारलं, कुणी काही बोललं नाही. खोलीत एवढी शांतता झाली. कुणीतरी खोकलं. मग दुसऱ्यांदा पुकारलं. त्यानंतर त्या गैरहजर म्हणणार होत्या, भाऊजी. ताईला. गैरहजर. माझ्या तोंडून निघून गेलं."

"हजर."

"हो. मग सगळे वळून बघायला लागले. पर्स हातात होती, कार्ड आत होतं. पाय चालत गेले. काकांनी मान वर केली असती तरी मी रडून सगळं सांगितलं असतं. त्यांनी नाही केली."

ती रडत नव्हती. दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडत होती. म्हणाली, "मत कुणाला दिलं तेही आठवत नाही. आडोशामागे उभी राहिले आणि मनात आलं, आता परदेशी पाहुणी म्हण बघू."

चहा उतू गेला. मी पुसला. खूप काही बोलता आलं असतं. तिने एका शब्दाने तिच्या बहिणीचं सगळं केलेलं पाण्यात घातलं, तेही बोलता आलं असतं. पण पर्स मी दिली. कार्ड मीच परत त्यात ठेवलं.

मी एवढंच विचारलं, "नाव नीट घेतलं का त्यांनी?"

"हो. वडिलांच्या नावासकट. अगदी स्पष्ट."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

२ मे, शुक्रवार

वकिलातीत जबानी झाली. मतदानाच्या दिवशी टेबलामागे होता तोच अधिकारी.

"ओळखपत्र कुणाच्या ताब्यात होतं?"

"माझ्या घरात."

"मतदानाच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"खाली. जेवत होतो." त्याने शिपायाला बोलावून खात्री करून घेतली.

"घरी आणखी कोण असतं?"

"मेहुणी."

"त्यांना मत आहे?"

"नाही. ती इथली नागरिक आहे."

त्याने ते लिहिलं. मग पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. खऱ्या माणसाचं नाव कळलं तर धाकटीवर इथे खटला होईल, नागरिकत्व जाईल. तिकडचं तर केव्हाच गेलं आहे. मी टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे बघत होतो. तो म्हणाला, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

"नाही."

"कोण होतं याने आता काही बदलणार नाही म्हणा. पेटी गेली ती गेली." त्याने कागद सहीसाठी पुढे केला. मी सही केली.

बाहेर कारकूनबाईने मृत्यूची नोंद केली. ओळखपत्र मागितलं. शिक्का, मग कात्री. कोपरा टोपलीत पडला. या वेळी ती माझ्याशी हळू बोलली नाही. तिची बदली होणार आहे, शिपायाने सांगितलं. शिक्षा म्हणून.

१८ मे, रविवार

धाकटी गेली. दुसऱ्या शहरात तिच्या ओळखीच्या बाईचं दुकान आहे. एक बॅग आणि एक पेटी. पर्स खुंटीला परत लावून गेली.

मी म्हटलं, जायची गरज नाही. ती म्हणाली, "तुम्ही काही बोलत नाही, भाऊजी. ताई असती तर भांडली असती, चार दिवस अबोला धरला असता, मग पाहुणी म्हणून चहा दिला असता. तुम्ही नुसतं वाढता. माझ्या घशाखाली उतरत नाही."

बॅग खालपर्यंत नेऊन दिली. काकांकडे गेलो होतो परत येताना, दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता.

५ जून, गुरुवार

पाळी दुपारी संपली. येताना साबण आणला. चादरी धुवून वाळत टाकल्या.

आज तिकडच्या सभागृहात कायदा रद्द करायचा ठराव होता. रेडिओवर थेट लावतात, इथल्या वेळेप्रमाणे संध्याकाळ होते. मी ऐकणार नव्हतो. पण लावला.

एक सदस्य पुष्कळ वेळ बोलला. खड्डे, दवाखाने, औषधं, सगळं दादासारखंच, फक्त दादा इतका सफाईने बोलत नाही. कुणीतरी उठून म्हणालं, एका मतासाठी एवढ्या लोकांना शिक्षा का? तो म्हणाला, शितावरून भाताची परीक्षा होते. मग म्हणाला, हे शीत कोणतं ते सभागृहाच्या नोंदीत राहू द्या, आणि त्याने तिचं नाव वाचलं. पूर्ण. मोठ्याने.

त्यानंतर सभागृहात बराच हशा झाला.

वडिलांच्या नावाचा उच्चार त्याने चुकीचा केला. दुसऱ्या अक्षरावर जोर देतात, त्याने पहिल्यावर दिला. कुणी दुरुस्त केलं नाही. मग मत घेतलं आणि कायदा गेला. रेडिओवर हवामान लागलं. मी बंद केला.

चादरी वाळल्या होत्या. आत आणल्या. लहान दोन झाल्या. मोठीचे दोन कोपरे दाराच्या कडीत अडकवले, दोन हातात घेतले आणि मागे सरत ताणली. कोपरे दोनदा निसटले. तिसऱ्यांदा कडीभोवती गाठ मारली, मग नीट बसली. घडी घालून कपाटात ठेवली.